पाटलाच्या नातीची बाळोती

मुक्काम तलवाडा, तालुका गेवराई
वैशाख वद्य पंचमी, फसली सन १३२५

तीर्थरूप आक्काच्या पायांशी धाकट्या बद्रीनाथाचा साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे तूर्त साष्टांग घालता येत नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढं येईलच. तोवर उभ्यानंच हात जोडलेत असं समज.) इकडे सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे, म्हैस व्याली का, आणि तुझ्या सासूबाईंचा खोकला उतरला का, ते सवडीनं कळव. दाजींना वेगळा रामराम. दाजी, हे पत्र तुम्हीच आक्काला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्रातला तुमच्या तंबाखूविषयीचा मजकूर आक्काच्या कानावर गेलाच नाही, असं शिरूरहून आलेल्या माणसाकडून कळलं. या खेपेला तुमच्याविषयी काही लिहिलेलं नाही, तेव्हा सगळं वाचावं. (एका ठिकाणी थोडं आहे. तेही वाचावं.)

आक्का, सासूबाईंच्या आजारपणामुळं तुला बारशाला येता आलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुझी भावजय पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी नेकनूरला जायची होती. गाडीत गादी अंथरली, बैल जुंपले, मी चाबूक हातात घेतला, आणि आतून निरोप आला की बैल सोडा. दुपारपर्यंत तू आत्या झालीस. मुलगी झाली म्हटल्यावर गावातली चार माणसं ओसरीवर आली ती तोंडं पाडूनच. पुढच्या खेपेला देव देईल, असं बंकट म्हणाला. (बंकट तुला आठवत असेल. देवळाच्या घंटेपेक्षा ज्याचा आवाज लांब जातो तो.) आबांनी शांतपणे विचारलं, "पुढच्या खेपेला देईल म्हंजे? मग आता दिलंय ते काय हाय?" आबांनी तिथल्या तिथं साखरेचं पोतं फोडायला लावलं आणि मुलगा झाल्यावर वाटतात तशी घरोघर साखर धाडली. तू झालीस तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं म्हणे. (माझ्या वेळी गूळ वाटला होता असं ऐकतो. असो.) पोरीचं नाव गोदावरी ठेवलं आहे. नाक तुझं आहे. आवाज मात्र कुणाचा आहे ते अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सासूबाई छबुबाई नेकनूरहून आल्या. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असा त्यांचा नेम, तो सुटला म्हणून आधी तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग गाठोडं सोडलं. त्यात त्यांची जुनी लुगडी होती. वर्षानुवर्षं धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतली तर आहेत की नाहीत कळू नये. ती फाडून त्यांनी चौकोनी बाळोती करून आणली होती, काठांना आतून दुमड घालून. मला तर ती बघून झोप आली. पण आबांनी ती बघितली आणि सगळं बिनसलं. गावात आधीच कुणीकुणी म्हणत होतं की पोरगीच तर हाय, कायबी गुंडाळा. ते त्यांच्या कानात होतं. त्यात ही जुनी लुगडी. त्यांना वाटलं, यांनीही पोरगी म्हणूनच जुनं आणलं. ते म्हणाले, "पाटलाच्या नातीला चिंध्या? न्हाई जमायचं. नवं कापड आणू."

आता आपल्याकडं व्याही-विहीण समोरासमोर बोलत नाहीत हे तुला सांगायला नको. सासूबाई पदर पुढं ओढून दाराआड बसल्या, मांडीवर गोदावरीला घेतलं, आणि तिलाच म्हणाल्या, "गोदे, तुज्या आज्याला सांग, चिंध्या न्हाईत ह्या, बाळोती हायेत. तुजी आय ह्याच कापडावर वाढली. चांगली पाटलाच्या घरात पडण्याजोगी झाली." आबा ओसरीवरून म्हणाले, "गोदावरी, आजीला सांग, नेकनूरची रीत नेकनूरला." तिथून पुढं घरातलं सगळं बोलणं गोदावरीच्या मार्फत सुरू झालं. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तिलाच सांगितलं जायचं. तिला बिचारीला अजून मानही धरता येत नव्हती.

शेवटी आबांनी मला गाडी जुंपायला सांगितली आणि आम्ही गेवराईच्या बाजाराला गेलो. पाशाभाईच्या दुकानात आबांनी प्रत्येक कापड गालाला लावून बघितलं. दोनतीन कापडं त्यांच्या मिशीत अडकली, ती बाजूला झाली. पण कापड कशासाठी पाहिजे हे त्यांच्या तोंडून निघेना. तालुक्यातला मानाचा पाटील, आणि भर बाजारात बाळोती मागायची, तीही शेजारच्या गावचे दोन पाटील तिथंच बसलेले असताना. पाशाभाईनं दोनदा विचारलं, दोनदा आबा म्हणाले, "घरात लागतंय." मग कापड न घेताच आम्ही कय्युम शिंप्याकडं गेलो. तिथंही माणसं होतीच. आबांनी आवाज खाली आणून सांगितलं, "लंगोट शिवायचेत, कापड तुजंच घाल. मऊ पायजेत, पन मजबूत. रडारड झाली न्हाई पायजे." कय्युमनं विचारलं, दिवसातून किती वेळा बदलणार. आबा म्हणाले, "धा-बारा बार तर व्हतंच." कय्युमच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. त्यानं विचारलं, कोण आहे. आबा म्हणाले, "घरातलंच हाय." तेव्हा कय्युमनं मला वरपासून खालपर्यंत बराच वेळ बघितलं, आणि मग फीत घेऊन माझ्या कमरेचं माप घेतलं. मला वाटलं, आबा खूश होऊन मला सदरा शिवताहेत. मी पोट आत घेऊन उभा राहिलो.

पुढच्या बाजाराला गाठोडं आलं. आत लालभडक लंगोट होते, पैलवानाचे. आबांनी एक उचलून धरला तर त्याचं टोक ओसरीच्या पायरीपर्यंत गेलं. त्यात गोदावरीला गुंडाळून पाळण्यालाही एक वेढा देता आला असता. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "गोदे, लवकर मोटी व्हय बाई. आखाड्यात जायचंय तुला."

एवढ्यावर भागलं असतं. पण कय्युमच्या दुकानामागंच गेवराईची तालीम आहे. तलवाड्याच्या पाटलाचा पोरगा दिवसाला दहा-बारा लंगोट भिजवतो ही बातमी तिथं पोचली, आणि एका सकाळी धुळाजी पैलवान आपल्या दोन चेल्यांना घेऊन दारात उभा राहिला. असा घाम गाळणारा गडी बघावा आणि जमलं तर हात मिळवावा, एवढीच त्याची इच्छा होती. माणूस मोठा नम्र. आक्का, त्या घटकेला आबांनी खरं सांगायचं की नाही? लंगोट नातीसाठी होते, एवढंच म्हणायचं. पण ओसरीवर बंकट बसला होता. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "जा रं. दोन मिन्टाचं काम हाय." काम त्याहून लवकर झालं. मी आपल्या गावच्या तालमीच्या मातीत उताणा पडून आभाळ बघत होतो, तेव्हा धुळाजी वाकून आबांना विचारत होता, "पाटील, ह्ये आजारी हायेत काय वो?" माझ्या कमरेची हकीकत ती ही. लाल लंगोट आबांनी धुळाजीलाच दिले. तो ते घेऊन गेला आणि जाताना मला दूध प्यायला सांगून गेला.

त्यानंतर आबांनी लाज सोडली. एकटेच गेवराईला गेले, पाशाभाईला खरं सांगितलं आणि मांजरपाटाचा अख्खा तागा घेऊन आले, वर मेणकापडाचा एक तुकडाही. मेणकापड अशासाठी की ओल बाहेर येऊ नये आणि अंथरूण कोरडं राहावं. कय्युमनं या वेळी छोटे लंगोट शिवले, तिकोनी, नाड्यांचे, आणि झालेल्या चुकीबद्दल काठाला बारीक टीप फुकट घातली. दिसायला फार सुंदर. दोरीवर वाळत घातले की घराला तोरण बांधल्यासारखं दिसायचं. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून दाखवायचे. सासूबाईंनी आपली बाळोती परत गाठोड्यात बांधली, गाठोडं उशाला घेतलं आणि म्हणाल्या, "गोदे, माजं काय म्हननं न्हाई." त्यांचं काही म्हणणं नसलं की घरातली भांडी जरा जोरात वाजतात, एवढंच.

तुझ्या भावजयीनं सासऱ्याचा शब्द मोडला नाही, पोरीला नवे लंगोट घातले. पण नव्या मांजरपाटाला खळ असते, ती पापडासारखी. पोरगी पाय हलवी तसा कापडाचा करकर आवाज येई. कापड ओल शोषून घेईना, आणि वरून मेणकापड बांधलेलं, ते ओल बाहेरही सोडीना. त्यात वैशाख. आबांनी हुकूम काढला की खळ जाईपर्यंत कापड धुवा. धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. रिठ्याच्या फेसानं अंगण पांढरं झालं. पाणी कुठून आणायचं, तर गावच्या विहिरीतून, आणि विहिरीचा तळ दिसायला लागलेला. बायका पोहऱ्यानं वाटीवाटीनं पाणी भरत होत्या आणि आमच्या घरून घागरींची रांग लागली होती. लोक मानापोटी बोलले नाहीत. बंकट बोलला. त्यानं गेवराईला तहसीलदार साहेबांकडं अर्ज दिला की पाटलानं लंगोट धुण्यापायी गावची विहीर उपसली.

आणि आक्का, इकडं पोरीच्या मांड्या पळसाच्या फुलासारख्या लाल झाल्या. आधी रडायची, मग रडून रडून आवाज बसला, नुसतं तोंड उघडायची. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताट पुढं यायचं, ते दोन घास खाऊन उठायचे आणि आतल्या दाराशी येऊन नुसते उभे राहायचे. आपलं चुकलं असं म्हणणं त्यांच्या जन्मात झालं नाही, ते तोंडातून निघेना, आणि तिथून हलवेनाही. सासूबाई टोमणे मारत होत्या तोवर मला धीर होता. त्या गप्प झाल्या तेव्हा मात्र तो सुटला. त्यांनी मेणकापड सोडून फेकून दिलं, लंगोट काढला, पोरीला खोबरेल चोळलं आणि तशीच उघडी ठेवली. आबांनी ते बघितलं. ते गोदावरीच्या मार्फतसुद्धा काही बोलले नाहीत.

अशातच तहसीलदार साहेब दौऱ्यावर निघाल्याचा निरोप आला. बंकटाच्या अर्जाची चौकशी आमच्याच ओसरीवर व्हायची होती. पाटीलकीची अब्रू होती, आक्का. असल्या कारणावरून पाटलाला गावासमोर बोलणी खावी लागणं काय असतं हे तुला सांगायला नको. आणि आबांचा स्वभाव तू ओळखतेस. बंकटानं आवाज चढवला की आबा चढवणार, मग काठी कुठं ठेवलीय ते बघणार. मी काठी आधीच कणगीमागं लपवली होती. आबांनी ठेवणीतलं धोतर आणि जरीचा पटका पेटीतून काढून ठेवला आणि अंघोळ करून घरातलं जुनं, विरलेलं धोतर नेसून ओसरीवर टेकले, पटका बांधायच्या आधी जरा वारा घ्यावा म्हणून. तेवढ्यात तुझी भावजय आली, वाटीत तेल सांडलंय असं काहीतरी म्हणाली, आणि उघडी गोदावरी आबांच्या मांडीवर ठेवून आत गेली. पोरीनं एक जांभई दिली, आजोबांच्या धोतरात गाल खुपसला आणि झोपली. कित्येक दिवसांत अशी झोपली नव्हती. आबा हलेनात. पटका समोर, धोतर समोर, आणि डोकं उघडं. मी खुणेनं विचारलं, पोरीला घेऊ का. त्यांनी डोळे असे वटारले की मी खांबामागं गेलो.

आणि साहेब आले. चपराशी पुढं येऊन ललकारी देणार, तोच आबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या चपराशाला सरकारी नोकरीत असं कुणी केलं नसावं. तो तोंड उघडं ठेवूनच थांबला. मागून साहेब, त्यांचे कागद सांभाळणारे पेशकार, बंकट आणि अर्धा गाव. सगळ्यांनी बघितलं, आश्रुबा पाटील उघड्या डोक्यानं, विरक्या धोतरात, साहेबांसमोर बसून राहिलेत. आबांनी बसल्या जागी मान लववली आणि अगदी हळू म्हणाले, "माफी असावी साहेब. उठलो तर ही उठंल. लई दिसांनी डोळा लागलाय."

साहेबांनी मांडीवर बघितलं. लाल झालेल्या मांड्या त्यांना दिसल्या असाव्यात. त्यांनी काही न बोलता जोडे पायरीखाली काढले, चवड्यांवर चालत आले, लोडाला टेकून बसले आणि कुजबुजत विचारलं, "लडकी है?" आबा म्हणाले, "व्हय साहेब. पैली हाय." साहेब म्हणाले, "मुबारक हो," आणि पेशकारांना खूण केली. पेशकारांनी अर्ज कुजबुजत वाचला. मग बंकटाची पाळी. आक्का, ज्या माणसाचं आयुष्य ओरडण्यात गेलं त्याला कुजबुजायला लावलं की काय होतं ते मी त्या दिवशी बघितलं. त्यानं घरून पाठ करून आणलेलं सगळं भाषण त्या आवाजात बसेना. विहीर उपसली, गावाची तहान, पाटलाची मनमानी, हे सगळं कुजबुजून सांगताना ते भांडण न वाटता आबांचं एखादं गुपित सांगतोय असं वाटत होतं. दोनदा त्याचा आवाज सुटला, दोनदा साहेबांनीच बोट वर केलं. शेवटी तो घामाघूम होऊन गप्प बसला.

साहेबांनी विचारलं, पाटलांचं म्हणणं काय. आबा मांडीवर बघत म्हणाले, "बंकट खरं बोलतोय. पानी आमीच वापरलं. आजपासनं गावच्या इहिरीला हात लावनार न्हाई, आमच्या मळ्याच्या इहिरीचं पानी घेऊ." मी तर ऐकतच राहिलो. पण हे ते इतक्या हळू बोलले की पुढच्या दोन ओळींपलीकडं पोचलं नाही. मागचे पुढच्यांना विचारायला लागले, काय म्हनले, काय म्हनले. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि फाटकाशेजारच्या ढाळजेत बसलेल्या माणसांपर्यंत पोचेतो त्याचं असं झालं होतं की पाटलांनी मळ्याची विहीर गावाला मोकळी केली. मागची म्हातारी माणसं उठून उभी राहिली आणि आबांना हात जोडायला लागली. बायकांनी लांबूनच आबांची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली, तीही हळूच. आबांना काही कळेना. मी जवळ जाऊन कानात सांगितलं. ते तोंड उघडणार, असं न्हाई, असं म्हणणार, तेवढ्यात गोदावरीनं झोपेत पाय झाडला. आबांनी तोंड मिटलं. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. गाव हात जोडून उभं होतं. आबांनी एकदा पोरीकडं, एकदा त्या म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि मान डोलावली. पेशकारांनी लिहून घेतलं.

त्याच वेळी आबांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव आला. डोळे किंचित मोठे झाले, आणि मग ते अगदी शांत दिसायला लागले, देवासमोर बसल्यासारखे. मला कारण कळलं ते धोतराखालून सतरंजीवर ओघळ आला तेव्हा. तो हळूहळू साहेबांच्या दिशेनं सरकत होता. साहेबांनी तो बघितला, पाऊल थोडं मागं घेतलं आणि पेशकारांना पुढचं काम विचारलं. आबा हलले नाहीत. पोरगीही नाही. साहेब जाताना वाकून आबांना एवढंच म्हणाले की पाटील, इतकी शांत चौकशी मी आजवर केली नाही. मग जोडे हातात घेऊन पायऱ्या उतरले आणि फाटकाबाहेर जाऊन घातले. बंकटसुद्धा चवड्यांवर गेला.

ओसरी मोकळी झाली तेव्हा आबांनी आत हाक मारली, "विहीणबाई." आक्का, थेट. मधे गोदावरी नाही. (ती झोपली होती हेही खरं.) सासूबाई दारात आल्या. आबा म्हणाले, "धोतर सगळं भिजलं. पन पोरगी उठली न्हाई. हेच फाडा." सासूबाईंनी पदर जरा मागं सारला आणि म्हणाल्या, "नेसल्यालं कसं फाडू वो पाटील? आधी सोडून तर या." आबांना एवढं हसू आलं की पोट हललं, आणि पोरीनं नुसता एक सुस्कारा सोडला.

त्या दुपारी दोघं ओसरीवर बसून फाडत होते. आबा एक टोक धरायचे, सासूबाई दुसरं. सासूबाईंचं गाठोडंही सुटलं. लुगड्याची घडी आत, धोतराची बाहेर, आणि बांधायला मऊ चिंधीची नाडी. पोरीच्या मांड्या आता निवळल्यात, रंग परत आलाय, आवाजही आलाय (तुमच्या शिरूरपर्यंत ऐकू येत असेल). पाणी थोडं लागतं, कापड लवकर वाळतं. मळ्याच्या विहिरीवर सकाळी गावच्या बायकांची गर्दी असते. आबा मोटेवर उभे राहून कुरकुरतात, आणि कुणी आली नाही तर तिची चौकशीही करतात. मांजरपाटाची मी माझ्या गादीला खोळ शिवून घेतली आहे. ती करकरते, पण मी रडत नाही.

एकच अडचण झाली आहे. आबांना आता फाडायची सवय लागली. घरातलं कुठलंही कापड चिमटीत धरून बघतात आणि मऊ लागलं की गेलं. माझं उपरणं गेलं, दोन सदरे गेले. त्यांना स्वतःला रोज नेसायला आता एकच धोतर राहिलं आहे, आणि ते मळ्यात धुतलं की वाळेपर्यंत घरी येता येत नाही. तरी दाजींची जुनी धोतरं पाठवावीत ही विनंती. जितकी विरलेली तितकी बरी. (दाजी, हेच ते ठिकाण.) थोरांना नमस्कार, पोरांना पापा, आणि म्हशीची खबर विसरू नये.

तुझा धाकटा भाऊ
बद्रीनाथ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, वाटीत तेल वगैरे काही सांडलं नव्हतं. तहसीलदार वेशीत शिरल्याचं कळल्यावर तिनं पोरीला पोटभर पाजलं आणि मुद्दाम आबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं, म्हणजे ते बंकटावर उठणार नाहीत. आणि पोटभर प्यायली की गोदावरी कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही. म्हणजे साहेबांनी जोडे काढले, पेशकार कुजबुजले, गावानं श्वास रोखला आणि आपली विहीर गेली, ते सगळं उगाच. हे आबांना सांगू नको असं तिनं बजावलं आहे. म्हणून तुला सांगितलं.

आणखी एक. धोतरं दाजींनी माणसाबरोबर धाडली असती तरी चाललं असतं, त्यासाठी एवढं लांब पत्र लिहायचं कारण नव्हतं. खरं काम वेगळं आहे, ते वर कुठं लिहावं ते सुचेना. रीतीप्रमाणं सासूबाई लेकीला आणि नातीला आता दोनतीन महिन्यांसाठी नेकनूरला घेऊन जाणार आहेत. ज्येष्ठातला दिवसही धरला आहे. आबांना मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि मळ्यात गेले, संध्याकाळपर्यंत आले नाहीत. रोज सकाळी बाळोत्यांच्या घड्या आता तेच घालतात, सासूबाईंनी घातलेल्या उसकटून परत घालतात. आक्का, गाडी निघेल त्या दिवशी तू इथं असावंस. मी आबांशी काय बोलणार? त्यांना चार दिवस शिरूरला घेऊन जा, तुझ्या पोरांत मन रमेल. तुझ्या सासूबाईंना बरं वाटत असेल तर जरूर ये, आणि नसलं तरी बघ.

पत्र बंद करताना आणखी. आबांनी आज सकाळी गाडीचं एक चाक काढून लोहाराकडं धाडलं. चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय म्हणाले. मी कालच बघितली होती, धाव घट्ट आहे. मी सासूबाईंना हळूच सांगायला गेलो की अशानं तुमचा जायचा दिवस टळणार. त्या बाळोत्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठावं हाय मला. मीच निरोप धाडलाय लोहाराला, काम नीट कर, घाई करू नको म्हनून."